मोंबासाला जाणाऱ्यांना मी काय सांगत असे

मी मोंबासा पाहिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहिणारी माणसं तीस-पस्तीस वर्षं काम करून निवृत्त झालेली असतात. मला नोकरीला अजून पाच वर्षंही झालेली नाहीत, आणि एम.कॉम.चं दुसरं वर्ष चालू आहे. संपादकांना मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "तुम्ही जे काम करत होता ते पुण्यात दुसरं कोणी करत असेल असं वाटत नाही. तेवढंच लिहा." म्हणून लिहिते आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं, असंही लिहिणार होते. पण या लेखात जी चूक आहे ती सांभाळून घेण्यासारखी आहे का, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

नारायण पेठेत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. आम्ही पिठाच्या गिरण्या परदेशी पाठवतो. मोठे कारखाने नव्हेत, आपल्या गल्लीत असते तशी गिरणी. पूर्व आफ्रिकेत मका दळायला तिला मागणी आहे. मशीन मुंबईहून जहाजानं मोंबासाला जातं आणि तिथून ट्रकनं आत, गावोगाव. मागोमाग आमचा एक फिटर जातो. तो मशीन बसवतो, दगड गुळगुळीत झाला की त्याला छिन्नीनं टाकी कशी लावायची ते तिथल्या माणसांना शिकवतो आणि दोन-तीन महिन्यांनी परत येतो.

मी बारावीनंतर इथं कागदपत्रं टाइप करायला लागले. सकाळी कॉलेज, दुपारी बारापासून ऑफिस. माझे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत, आई तिथंच कांदे निवडते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि खुर्चीवर बसून पगार घेणारीही पहिलीच.

फिटरच्या हातात तिकीट द्यायचं काम माझ्याकडे होतं. तिकीट घेताना माणूस हमखास विचारायचा, "मंगलताई, तिथं खायला काय मिळतं? पाणी कसं आहे? माणसं कशी आहेत?" मला काहीच सांगता येत नसे. फोनवर शोधून द्यायचे तर हॉटेलं आणि समुद्रकिनारे यायचे. ज्याला खांद्यावर हत्यारांची पिशवी घेऊन उतरायचंय त्याला त्याचा काय उपयोग?

मग मी इक्बालचाचांना धरलं. चाचा आमचे जुने फिटर. सतरा वेळा मोंबासाला जाऊन आलेले आणि आता खडकीला घरी असतात. दर गुरुवारी ऑफिसात चहाला येत. मी वही घेऊन समोर बसले तर म्हणाले, "लिही बेटा. आमच्या घरात कोणी ऐकत नाही. मोंबासाचं नाव काढलं की टीव्ही मोठा करतात."

दीड वर्ष मी गुरुवारी लिहून घेत होते. दोनशे पानी वही भरली. आमचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते त्या वहीला पोथी म्हणायचे. "झालं का पारायण?" असं जाता-येता विचारायचे. पण हळूहळू ठरूनच गेलं की जो फिटर निघेल त्यानं आदल्या शनिवारी मागच्या खोलीत माझ्यासमोर दोन तास बसायचं आणि शहराची ओळख करून घ्यायची.

मोंबासा हे बेट आहे, इथून मी सुरुवात करत असे. उत्तरेला पूल आहे, पश्चिमेला भर घालून केलेला रस्ता आहे. दक्षिणेला मात्र पूल नाही. तिकडं जायला फेरीबोट. तिच्यावर ट्रक, मोटारी, सायकली, टोपल्या घेतलेल्या बायका, शाळेची मुलं सगळी एकदम चढतात, आणि चालत जाणाऱ्याला तिकीट पडत नाही. बंदरात शिरणारं मोठं जहाज आलं की फेरी थांबते आणि एखादी सोसायटीच्या सोसायटी सरकत जावी तसं ते जहाज समोरून जातं. जुन्या गावात गल्ल्या अरुंद आहेत, दारं लाकडी आणि कोरीव. पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला आहे. उकाडा कोरडा नाही, दमट. अंघोळ करून टॉवेल टाकेपर्यंत पुन्हा घाम. कॉफी काळी, पितळी किटलीतून, बिनकानाच्या लहानशा कपात देतात. समुद्राकाठी तळलेले काप मिळतात, तिखट-लिंबू लावून. ज्या कंदाचा आपण साबुदाणा खातो, त्याच कंदाचे. हे ऐकून एक फिटर म्हणाला होता, "म्हणजे उपासाला चालतील."

तिथल्या भाषेत हिशोबाला 'हेसाबू' म्हणतात, रंगाला 'रांगी', गाडीला 'गारी'. हे सांगितलं की घाबरलेला माणूसही खुर्चीत सैल होऊन बसायचा.

आणि मग शेवटची नऊ पानं. चाचांनी ती तीन गुरुवार घेऊन सांगितली होती. "आपण पुण्याची माणसं," ते म्हणाले, "दुकानात पाय ठेवतो आणि वस्तूचं नाव घेतो. दुकानदारही मान वर न करता नाही म्हणतो. आपल्याला त्यात काही वाटत नाही. तिथं असं केलंस तर ते दारावर लाथ मारल्यासारखं. आधी माणूस विचारायचा. वडीलधारा असेल तर 'शिकामू' म्हणायचं, म्हणजे आपल्या पाया पडण्यासारखंच. मग रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, मुलं, तब्येत, काम. तोही तुझं विचारेल. घाई करायची नाही. हे सगळं झालं की तो स्वतःच म्हणेल, बोल, काय काम काढलंस."

मी विचारलं होतं, "आणि नाही विचारलं तर?"

"काही नाही. तो रागावणार नाही. हसून 'केशो' म्हणेल. म्हणजे उद्या. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उद्या."

ही नऊ पानं मी प्रत्येकाकडून घोकून घेत असे. एक फिटर, दत्ताभाऊ, त्यांना तर मी दारातून तीनदा परत पाठवलं होतं. "बाहेर जा आणि नीट आत या." ते वैतागून म्हणाले, "ताई, मी लग्नाला मुलगी बघायला गेलो तेव्हासुद्धा एवढं केलं नव्हतं." पण परत आल्यावर पेढे घेऊन आले. म्हणाले, "तुम्ही सांगितलेलं सगळं होतं तिथं. फक्त वारा सांगितला नव्हता. संध्याकाळी असा वारा येतो ताई, की बस."

मी हसून पेढा घेतला. पण तो वारा माझ्या मनातून आठ दिवस गेला नाही. कोणी परत आलं की मला असंच व्हायचं. त्यांच्या बॅगेला चिकटलेली विमानाची पट्टी, उन्हानं बदललेला मानेचा रंग, बोलता बोलता येणारा एखादा तिथला शब्द. मला सगळ्याचा हेवा वाटायचा. माझं शहर मी त्यांच्या हातात द्यायचे आणि ते जाऊन वापरून यायचे. हे कोणाजवळ बोलणं शक्य नव्हतं. आई म्हणाली असती, तुला काय कमी आहे, पंख्याखाली बसतेस.

दोन वर्षांपूर्वी केतकी आमच्याकडे लागली. माझ्याच वयाची, ऑफिसपासून तीन गल्ल्यांवर घर. वडील बँकेत, आई शाळेत. इंग्रजी असं बोलते की फोनवरचा माणूस गडबडून आधी सर म्हणतो आणि मग मॅडम. ती आखडू असती तर बरं झालं असतं. पण ती डबा उघडला की निम्मी भाजी माझ्या झाकणात काढायची आणि माझी भाकरी मागून घ्यायची. माझं इंग्रजी पत्र तपासताना चूक दाखवायची ती पेन्सिलनं, म्हणजे अण्णांना दिसायच्या आत मला खोडता येईल. अशा मुलीचा हेवा करणं फार अवघड असतं. मी करत होते.

गेल्या वर्षी मोंबासाला आमच्या मालाला उशीर व्हायला लागला. जहाजातून पेटारे उतरले तरी कागद जुळल्याशिवाय बंदराबाहेर पडत नाहीत, आणि ते कागद फिरवायला तिथं एक एजंट असतो. त्याच्या ऑफिसात आपलं माणूस बसवायचं असं अण्णांनी ठरवलं. आम्हा दोघींना आत बोलावलं.

"तीन आठवडे जायचंय. कागद समजणारं माणूस पाहिजे. पासपोर्ट कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे आहे," केतकी म्हणाली.

मी म्हटलं, "काढता येईल."

"जहाज निघालंय. तू काय स्वारगेटहून एस.टी. धरणार मोंबासाची?"

अण्णा वाईट मनानं बोलले नाहीत, त्यांचं बोलणंच तसं आहे. पण फेरी कुठून सुटते, कॉफीचा कप केवढा असतो, सगळं मला पाठ होतं, आणि पासपोर्ट काढावा हे मला एकदाही सुचलं नव्हतं. आमच्या घरात तो कागद कोणाला लागलाच नव्हता. तिकिटं मी दुसऱ्यांच्या हातात देत आले, त्यामुळे तिकीट म्हणजे द्यायची वस्तू असं माझ्या डोक्यात बसलं असावं.

"मग ठरलं," अण्णा म्हणाले. "मंगल, शनिवारी हिला तुझी पोथी ऐकव."

शनिवारी मागच्या खोलीत केतकी माझ्यासमोर बसली. फोनवर भराभर टिपून घेत होती. मी बेट सांगितलं, पूल, फेरी, किल्ला, पाणी, कॉफी. ती मध्येच म्हणाली, "अगं, तू किती छान सांगतेस. मला आता जाऊन आल्यासारखंच वाटतंय." हे वाक्य तिनं म्हणायला नको होतं. जाऊन आल्यासारखं मलाही तीन वर्षं वाटत होतं.

वहीत ती नऊ पानं राहिली होती. मी बोट घालून ठेवलं होतं.

"अजून काही?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "एवढंच." आणि वही मिटली.

त्या वेळी मनात काय होतं ते जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करते. तिचं वाईट व्हावं असं नव्हतं. तिला सगळं येतं, तर एवढंही येईल, येत नसेल तर कळू दे, असं काहीसं होतं. आणि एक गोष्ट तरी माझ्याजवळ राहावी, असंही होतं.

केतकी गेली. दोन दिवस फोटो आले. मग फोटो थांबले. अण्णांना तिचा रोज एकच निरोप यायचा, उद्या होईल. अण्णा म्हणायचे, "हिला पाठवून काय मिळवलं? उद्या होईल हे मी इथं बसूनही सांगितलं असतं."

चार दिवस मी गप्प होते. मला माहीत होतं काय झालं असणार. टाइप करताना, कॉलेजात तासाला बसताना, मला माहीत होतं.

पाचव्या दिवशी दुपारी दत्ताभाऊंचा फोन आला. या खेपेलाही तेच गेले होते. केतकीच्या आधीच ते आत, एका गावात जाऊन पोचले होते. तिथल्या बायकांच्या गटानं मिळून गिरणी घेतली होती.

"मंगलताई, मशीन कधी येतंय?"

"बघतोय आम्ही."

"तुम्ही बघा. मला इथं तोंड दाखवायची चोरी झालीय. मशीनचा ओटा बांधून झाला. मी पहिल्या दिवशी म्हटलं की याला पाणी मारत राहा, म्हणजे सिमेंट पक्कं होईल. तर या बायका अजून रोज लांबून घागरी आणून पाणी मारतायत. पुरे म्हटलं तरी ऐकत नाहीत. म्हणतात, मशीन आलं नाही तोवर मारू. दळायला चालत किती लांब जातात माहितीये? लहान पोरं पाठीवर बांधून जातात हो."

मी फोन ठेवला आणि जिन्यात जाऊन केतकीला लावला. तिचा आवाज ओळखू येईना.

"रोज सकाळी जाते गं. तिथले मुख्य क्लार्क म्हातारे आहेत, सगळ्या फायली त्यांच्याच टेबलावर. हसतात आणि उद्या म्हणतात. माझ्यानंतर आलेल्यांची कामं होतात."

"गेल्या गेल्या काय म्हणतेस त्यांना?"

"काय म्हणणार? गुड मॉर्निंग, आमची फाइल झाली का?"

मग मी तिथं जिन्यात उभी राहून तिला नऊ पानं सांगितली. वही जवळ नव्हती. लागलीही नाही. शेवटी ती म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलंस?"

"राहून गेलं," मी म्हटलं.

"अगं, राहणारच. किती सगळं सांगितलंस त्या दिवशी."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा मेसेज आला. तिनं वाकून नमस्कार केला, तेव्हा त्या आजोबांनी चष्मा काढला. तिच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, आपल्या गुडघ्यांची हकीकत सांगितली, कॉफी मागवली. पाऊण तासानं म्हणाले, आता सांग मुली, काय काम आहे. फाइल कुठं हरवलेली नव्हती. टेबलाच्या उजव्या हाताला वरच होती. त्यांनी ती तेव्हाच वाचली, एका दाखल्यावर शिक्का राहिला होता तो दाखवला, आणि म्हणाले की हा असाच गेला असता तर बंदरात सगळे पेटारे फोडले असते. दोन दिवसांनी मशीन ट्रकवर चढलं.

केतकी परत आली ती माझ्यासाठी तिथलं छापील कापड घेऊन. अण्णांसमोर सगळ्यांना म्हणाली, "मंगलनं फोन केला नसता तर मी अजून तिथंच बसले असते."

"पोथी कामाला आली म्हणायची," अण्णा म्हणाले. माझं कौतुक त्यांनी त्याआधी कधी केलं नव्हतं. मी मान खाली घालून उभी राहिले, तर सगळ्यांना वाटलं लाजले.

आणि मग अण्णाच म्हणाले, "आता पुढच्यांना ओळख केतकीच करून देईल. तिनं पाहिलंय."

यात चूक काही नव्हतं. मी वही तिला दिली. आता शनिवारी मागच्या खोलीत ती बसते आणि मी माझ्या टेबलावर. दार उघडं असतं. "किल्ला वाटतो तेवढा मोठा नाहीये," ती सांगते. "फेरीवर समुद्राचा वास नाही येत, डिझेलचा येतो." मी तीन वर्षं समुद्राचा वास सांगत आले होते. फिटर हसतात. ती नऊ पानं ती सगळ्यांत आधी सांगते, आणि सांगताना म्हणते, "हे मला मंगलनं शिकवलं." दर वेळी म्हणते. दर वेळी मी टाइप करायची थांबते.

पासपोर्ट मी काढला आहे. तो आईनं देवाच्या फडताळात ठेवला आहे. अजून जाण्याचा योग आलेला नाही.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो केतकीला वाचायला दिला. शहराबद्दल काही चुकीचं छापून यायला नको, असं तिला म्हटलं. खरं कारण तिच्या लक्षात पहिल्या पानानंतर आलंच असणार, कारण माझ्या चुकीचा उल्लेख तिथंच आहे. तरी ती हातात पेन्सिल घेऊन वाचत होती. एके ठिकाणी म्हणाली, "पश्चिमेला नुसता रस्ता नाही, रेल्वेपण आहे." मग त्या शनिवारच्या मजकुरापाशी तिची पेन्सिल थांबली. तिनं ते पान दोनदा वाचलं. आतून अण्णांनी कसलीतरी पावती मागितली. ती "देते" म्हणाली, पण उठली नाही.

"म्हणजे राहून गेलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

ती खिडकीकडे वळली. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"त्या चार दिवसांत मी काय करत होते माहितीये? तिथून निघायचे आणि फेरीवर जाऊन उभी राहायचे. पलीकडे उतरायचं, परत चढायचं, अलीकडे यायचं, दिवसाला सहा फेऱ्या. तिकीट नसतं ना. हॉटेलच्या खोलीत भीती वाटायची आणि रस्त्यात रडताना लाज वाटायची. फेरीवर एवढी गर्दी असते की कोणाचं कोणाकडे लक्ष नसतं. एकदा एका बाईनं काही न विचारता माझी पिशवी धरली, पलीकडचा काठ येईपर्यंत. आईला पण सांगितलं नाहीये मी हे."

"मी लेख पाठवत नाही," मी म्हटलं.

"का? पाठव की." तिनं कागद सारखे करून माझ्यासमोर ठेवले. "आणि हेही घाल त्यात. चार दिवस, रोज सहा फेऱ्या. पुन्हा काही राहून जायला नको."

मग ती उठून अण्णांना पावती द्यायला आत गेली. त्या दिवशी तिनं डबा टेबलावरच एकटीनं खाल्ला. त्यानंतर आम्ही कामापुरतं बोलतो. पत्रातली चूक ती अजूनही पेन्सिलनंच दाखवते.

मला शरम वाटली, आणि ती खरी आहे. पण शरम वाटायच्या आधी, ती अजून बोलत असतानाच, माझ्या मनात दुसरं काहीतरी होऊन गेलं होतं. ते गाळलं तर मी पुन्हा तेच केल्यासारखं होईल. ती चार दिवस रडत होती हे मी ऐकलं, आणि मी आधी मनातल्या मनात गुणाकार केला. चोवीस वेळा ती त्या पाण्यावरून गेली होती.